हरित कचेऱ्या आणि तापलेल्या शेड

हैदराबादजवळ पोचारम इथे इन्फोसिसच्या आवारात २०११ साली एक कार्यालयीन इमारत वापरात आली. क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस फूट. तिचे दोन भाग अगदी सारखे आहेत. भिंती, खिडक्या, दिवे, बसण्याची व्यवस्था, सगळं जुळतं. फरक आहे तो फक्त गारव्याचा. एका भागात नेहमीचं, पण चांगल्या प्रतीचं वातानुकूलन बसवलं. दुसऱ्या भागात स्लॅब ओतण्याआधी सळयांच्या जाळीत नळ्या अंथरल्या आणि त्यांतून थंड पाणी फिरवलं. या दुसऱ्या पद्धतीला रेडियंट कूलिंग म्हणतात.

तिचं तत्त्व साधं आहे. माणसाच्या अंगातली बरीचशी उष्णता भोवतालच्या पृष्ठभागांकडे प्रारणाने जाते. डोक्यावरचं छत गार असेल तर आजूबाजूची हवा फार थंड न करताही माणसाला बरं वाटतं. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे मोठाले पंखे आणि डक्ट यांवर खर्च होणारी वीज वाचते. पाणीही नेहमीच्या एसीइतकं थंड करावं लागत नाही. जपायचं ते दमटपणाला, कारण छत जास्त गार झालं तर त्यावर दव साचतं. म्हणून बाहेरची ताजी हवा कोरडी करून आत सोडणारी छोटी यंत्रणा सोबत असते.

पहिल्या दोन वर्षांत रेडियंट भागाने वातानुकूलनासाठी ३४ टक्के कमी वीज घेतली. यंत्रणेचा खर्चही दुसऱ्या भागापेक्षा किंचित कमीच आला. हे आकडे २०१४ मध्ये ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या मासिकात सविस्तर छापून आले. भारतातल्या हरित कार्यालयांपैकी एकच निवडायची झाली तर मी हीच निवडेन. दर्शनी भागात मिरवण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही. पण बांधणाऱ्यांनी आपल्या दाव्याची परीक्षा इमारतीतच मांडली आणि निकाल सर्वांसमोर ठेवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. याच कंपनीने त्याआधी बंगळुरूला काचेचा पिरॅमिड आणि हिंजवडीला काचेच्या अंडाकृती इमारती उभारल्या होत्या. नंतरच्या इमारतींत खिडक्या लहान झाल्या. खिडकीच्या वरच्या भागात आडवी फळी आली, तिच्यावर पडलेला उजेड छताकडे वळून आतल्या टेबलांपर्यंत पोचू लागला. मोजमाप करणारा माणूस काचेच्या मोहातून आपोआप बाहेर येतो, असं यातून दिसतं.

मानांकित हरित इमारतींची भारतातली सुरुवातही हैदराबादचीच. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचं उद्घाटन झालं. ‘लीड’ या हरित मानांकनाचा प्लॅटिनम दर्जा मिळालेली ही अमेरिकेबाहेरची पहिली इमारत. वडोदऱ्याचे वास्तुरचनाकार करण ग्रोव्हर यांनी मध्ये गोल अंगण ठेवलं, भिंतींना जाळ्या दिल्या, गच्चीवर हिरवळ लावली आणि वातानुकूलन यंत्राकडे जाणारी हवा आधीच थोडी निवावी म्हणून हवेचे मनोरे बांधले. आपल्या वाड्या-हवेल्यांत असलेलं शहाणपण आधुनिक कचेरीत बसू शकतं, हे त्या वास्तूने दाखवून दिलं. मागून येणाऱ्यांनी मात्र तिच्याकडून मानांकन घेतलं आणि अंगण सोडून दिलं.

खराडीपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत कुठल्याही काचेच्या कचेरीत दुपारी तीन वाजता जावं. पश्चिमेच्या काचेवर कडक ऊन, आत सगळे पडदे खाली ओढलेले, आणि वर दिवे चालू. उजेडासाठी लावलेली काच उजेड द्यायची थांबते आणि ऊन मात्र आत घेत राहते. तळमजल्याच्या लॉबीत मानांकनाची चकचकीत पाटी असते. मानांकनाच्या पद्धतीत याला वाव आहे. बहुतेक मानांकनं संगणकावरच्या अंदाजावर मिळतात. प्रस्तावित इमारतीची तुलना तशाच आकाराच्या एका काल्पनिक इमारतीशी केली जाते आणि तिच्यापेक्षा अमुक टक्के वीज वाचेल असं सिद्ध करायचं असतं. भारी काच आणि भारी चिलर लावून मोठा काचेचा मनोराही यात उत्तीर्ण होतो. इमारत वापरात आल्यावर मीटर काय सांगतो, हा प्रश्न मागे राहतो.

मानांकनांनी काहीच दिलं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. फ्लाय ॲशच्या विटा, चांगल्या काचा, सांडपाण्याचा पुनर्वापर यांची बाजारपेठ त्यांच्यामुळे वाढली. टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्र सरकार यांनी मिळून उभारलेली ‘गृह’ ही पद्धत तर आपल्या हवामानाचा विचार करूनच बांधली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ मध्ये कार्यालयांसाठी तारांकन आणलं, तेही योग्य दिशेचं. त्यात प्रत्यक्ष वापरलेली युनिटं भागिले चौरस मीटर, असा सरळ हिशोब आहे. पण ते ऐच्छिक आहे, आणि प्लॅटिनमच्या पाटीला असलेला मान त्या ताऱ्यांना अजून मिळालेला नाही.

खरी अडचण व्यवहाराची आहे. इमारत बांधतो बिल्डर आणि वीजबिल भरतो भाडेकरू. बाहेरून छज्जे, जाळ्या, जाड भिंती यांवर पैसे घालून बिल्डरच्या हाती काही लागत नाही. स्वतः वापरण्यासाठी बांधणारा मालक वेगळा विचार करतो. हडपसरचं सुझलॉन या पवनचक्की कंपनीचं मुख्यालय ‘वन अर्थ’ हे याचं चांगलं उदाहरण. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी २००९ च्या सुमारास पूर्ण केलेला हा बुटक्या इमारतींचा परिसर ॲल्युमिनियमच्या झडपांनी ऊन अडवतो, उजेड घेतो, आणि अंगणांभोवती माणसांना एकत्र आणतो. २०२४ मध्ये कंपनीने तो विकला आणि तिथेच भाड्याने राहायचं ठरवलं. जपून बांधलेल्या इमारतीची निगा यापुढे किती राखली जाते, यावर लक्ष ठेवायला हवं.

हैदराबादच्या केएमसी या बांधकाम कंपनीच्या कार्यालयात वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांनी वेगळीच दिशा धरली. इमारतीभोवती ॲल्युमिनियमची जाळी, तिच्यात वेलींचे ट्रे, आणि त्या वेलींची निगा राखणाऱ्या माळ्यांसाठी जाळीलगत चालायची वाट. पानांमुळे भिंत तापत नाही, फवारलेल्या पाण्याने हवा निवते. पण मला भावतं ते हे की खिडकीच्या आत बसलेला अधिकारी आणि बाहेरचा माळी रोज एकमेकांना दिसतात. हरित रचनेत श्रम करणाऱ्याला जागा देणारं असं काम आपल्याकडे फार थोडं आहे.

आणि इथेच कारखान्यांचा विषय येतो. हरित वास्तुकलेची समीक्षा बहुधा कचेऱ्यांपाशीच थांबते, हे मला खटकतं. एके काळी चित्र उलटं होतं. मुंबईच्या गिरणगावातल्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं उत्तरेकडून उजेड घेत, म्हणजे ऊन न येता लख्ख प्रकाश मागावर पडे. कोकणातल्या आचऱ्याला जन्मलेले वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकून आले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मेहसाण्याची दूधसागर डेअरी उभारली. बॉयलर, पाश्चरायझर यांची उष्णता वर निघून जावी म्हणून त्यांनी छपरावर हवेचे उंच शाफ्ट काढले, आणि त्या शाफ्टांनीच डेअरीला तिचा चेहरा दिला. तिथे हवा खेळती ठेवणं हेच सौंदर्य झालं. पुढे अहमदाबादजवळच्या टोरंट रिसर्च सेंटरमध्ये ‘अभिक्रम’ या वास्तुसंस्थेच्या निमिष पटेल आणि पारुल झवेरी यांनी मनोऱ्यांच्या माथ्यावर पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून औषध संशोधनाच्या प्रयोगशाळा थंड केल्या. श्रीलंकेत थुल्हिरियाच्या एमएएस कारखान्यात २००८ पासून कपडे शिवणाऱ्या बायका बाष्पीभवनाने निववलेल्या हवेत, झाडं दिसतील अशा खिडक्यांपाशी काम करतात.

महिंद्राच्या इगतपुरी कारखान्याला २०१८ मध्ये कार्बन-न्यूट्रल प्रमाणपत्र मिळालं. अशा मोठ्या कारखान्यांची नावं घेता येतात. पण चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथे त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने आहेत, आणि बहुतेक माणसं तिथे राबतात. लोखंडी सांगाडा, वर उघडा पत्रा, तीन बाजूंनी पत्र्याचीच भिंत. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. पोचारमचं भौतिकशास्त्र इथे उलटं चालतं. तिथलं गार छत अंगातली उष्णता ओढून घेतं, इथलं तापलेलं छप्पर ती दिवसभर अंगावर ओततं. प्रेसवरचा कामगार ओला रुमाल मानेवर टाकतो, मोठा पंखा गरम हवाच फिरवतो, आणि एसी असतो तो कोपऱ्यातल्या केबिनमध्ये. छपरावर सौर पॅनल असतील तर कंपनीच्या अहवालात हा कारखाना हरित म्हणून नोंदवला जातो. पॅनलखाली सावली पडते हे खरं, पण खाली काम करणाऱ्याला काय तापमान सोसावं लागतं, हे त्या अहवालात कुठेच नसतं.

कायद्याचं लक्षही इकडे कमी आहे. २००७ मध्ये आलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ च्या सुधारित रूपात १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी होती. उत्पादन प्रक्रियेची वीज तिच्या कक्षेबाहेर होती. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमात नेमकं हेच सांगितलेलं होतं: भिंती आणि छप्पर अशा साहित्याचं आणि अशा रचनेचं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील. ऊर्जेची चर्चाही नव्हती तेव्हा कामगाराच्या सोयीसाठी लिहिलेलं ते कलम अंमलबजावणीत पातळ होत गेलं.

या शेडसाठी लागणारं तंत्र पोचारमइतकं अवघड नाही. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा लेप, पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर, आढ्यावर सलग उघडी फट, खाली वाऱ्याच्या दिशेने जाळीच्या खिडक्या, उत्तरेकडून उजेड. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणून व्यापारी आणि इतर बिगरनिवासी इमारतींना ती बंधनकारक केली. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतींतले नकाशे एमआयडीसीच मंजूर करते, म्हणजे छपराची अट नकाशातच घालायला वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. त्याबरोबर प्रत्येक शेडमध्ये कामगाराच्या डोक्याच्या उंचीवर एक तापमापक लावावा, त्याची एप्रिल-मेची नोंद वीजबिलाच्या नोंदीशेजारी ठेवावी, आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडून ती मागून घ्यावी.