वकिलाचा खून आणि आमची कादंबरी

ऐतिहासिक कादंबरीचे परीक्षण करताना नायक कसा रंगविला आहे, एवढे पाहून आमचे टीकाकार बहुधा थांबतात. त्या नायकास उजेडात आणताना अंधारात कोण राहिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कै. ना. सं. इनामदार यांच्या 'झेप' (१९६३) या कादंबरीच्या निमित्ताने तो येथे विचारावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम गुण सांगतो. या कादंबरीचे नायक त्र्यंबकजी डेंगळे. जासुदाचा कारभारी झालेला एक क्रूर व कारस्थानी पुरुष, हा त्यांच्याविषयीचा अभिप्राय ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासापासून रूढ होता. परंतु तो देणारे लोक या कज्जातील फिर्यादीच्याच पक्षाचे होते, हे विसरून चालत नाही. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने आरोप केला, चौकशीही त्यानेच केली आणि निर्णयही त्याचाच. उघड न्यायासनापुढे त्र्यंबकजींवर खटला असा चाललाच नाही. बडोद्यातील सीताराम रावजींच्या पक्षाचे लोकही संशयापासून मुक्त नव्हते. अशा स्थितीत एका बदनाम पुरुषाची बाजू वाचकांपुढे मांडणे हे कादंबरीकाराचे उचित कार्य होय. दुसऱ्या बाजीरावासंबंधाने 'मंत्रावेगळा' (१९६९) लिहून इनामदारांनी हेच व्रत पुढे चालविले. त्याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे.

परंतु खून झाला तो कोणाचा, आणि त्याबरोबर आणखी काय मेले? गंगाधरशास्त्री पटवर्धन हे बडोद्याच्या गायकवाडांचे वकील. अहमदाबादच्या इजाऱ्याची मुदत सरत आली होती. पेशव्यांची गायकवाडांकडे कित्येक सालांची बाकी तुंबली होती आणि गायकवाडांचेही उलट दावे होते. या हिशेबाचा निकाल बोलून लावावा म्हणून शास्त्री १८१४ साली इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले. प्रारंभीचा संशय निवळून पुढे जवळीक एवढी वाढली की, पेशव्यांच्या मेहुणीशी शास्त्र्यांच्या मुलाचे लग्न ठरले. मग शास्त्री कचरले, लग्न मोडले आणि मने पुन्हा दुरावली. तथापि बोलणे अजून तुटले नव्हते. १८१५ च्या आषाढात ते पेशव्यांबरोबर पंढरपुरास गेले. प्रकृती बरी नसताही वारंवार आलेल्या निरोपांवरून ते रात्री विठोबाच्या दर्शनास निघाले, आणि देवळातून परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांस गाठले.

त्र्यंबकजी नायक ठरले की या प्रसंगाचा एकच अर्थ उरतो : नायकाच्या माथी आलेले बालंट. 'यांनी केले की नाही' या चौकशीत वाचक गुंततो, आणि लागलीच ठाण्याच्या किल्ल्यातील कैद व सुटका त्याचे चित्त हरण करते. गोऱ्या पहारेकऱ्यांस मराठी कळत नसे. तेव्हा खिडकीखालच्या मोतद्दाराने गाण्यांतून सुटकेचा बेत कळविला, ही हकीकत बिशप हेबरसारख्या परक्यासही मोहवून गेली. सप्टेंबर १८१६ मधील त्या साहसापुढे पंढरपूरच्या वाटेवर पडलेले प्रेत कोणास आठवावे? हा दोष एकट्या इनामदारांचा आहे असे आम्ही म्हणत नाही. एका पुरुषाभोवती उभारलेल्या कादंबरीच्या घडणीतच तो आहे. इंग्रजांनी विचारलेला प्रश्न 'मारणारा कोण?' हा होता. आमच्या लेखकांनी उत्तर बदलले, प्रश्न मात्र तोच ठेवला.

यावर कोणी म्हणेल, शास्त्री इंग्रजांच्या पक्षाचे होते. त्यांच्या हातून झालेला समेट इंग्रजांचाच लाभ करता. शास्त्री साधुपुरुष नव्हते, आणि इंग्रजांशी त्यांचे संधान होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोन मराठी दरबार एकमेकांशी तोंडाने बोलत होते, एवढी गोष्ट तरी त्यांच्यामुळे शिल्लक होती. ती तुटल्यावर कोणाचे साधले, हे जून १८१७ च्या पुण्याच्या तहात वाचावे. ज्या बाकीसाठी घासाघीस चालली होती त्या मागील सर्व मागण्या पेशव्यांस सोडाव्या लागल्या, आणि पुढे गायकवाडांकडून सालाना चार लाख घेऊन स्वस्थ बसावे असे ठरले. मराठमंडळाचे मुख्यत्व गेले. बेलापूर, आटगाव, कल्याण आणि तेथून उत्तरेस गुजरातपर्यंतचा, सह्याद्री व समुद्र यांमधला मुलूख इंग्रजांकडे गेला. शहापूर-मुरबाडच्या वाचकास याचा अर्थ नकाशावाचून कळावा. वैशाखरे गावाहून नाणेघाट चढून जुन्नरास जाणारी ती सातवाहनकालीन वाट. तिचा पायथा इंग्रजांचा आणि माथा पेशव्यांचा, अशी स्थिती त्या वर्षी झाली. पाच महिन्यांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली आणि माथ्याचाही निकाल लागला. खुनाने इंग्रजांचा फास कापला नाही. तो आवळण्यास निमित्त मात्र पुरविले.

ही दृष्टी जुन्या इतिहासापुरतीच राहिली असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. १३ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींनी दिल्लीत उपोषण आरंभिले. १८ तारखेस निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांनी सलोख्याची हमी दिल्यावर ते सोडले. आणि ३० तारखेस त्यांचा खून झाला. पुढे महाराष्ट्रात ज्यांचा काही संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरे जळाली. इस्राएलचे पंतप्रधान राबिन पॅलेस्टिनींशी समेटाची बोलणी करीत असता १९९५ साली मारले गेले. त्यांचाही मारेकरी शत्रूच्या गोटातला नव्हता, स्वतःच्याच समाजातला होता. शत्रूशी बोलणारा मनुष्य आपल्याच माणसांस अधिक असह्य होतो, असे दिसते. आणि आमच्या रंगभूमीवर १९९८ साली ज्यावरून मोठा वाद माजला, त्या नाटकाचे नाव 'मी नथुराम गोडसे बोलतोय'. त्र्यंबकजींचा अपराध सिद्ध झाला नव्हता, नथुरामचा झाला होता. हा भेद मोठा आहे व तो आम्ही पुसू इच्छीत नाही. असल्या नाटकावर बंदी घालावी असेही आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्ही ठिकाणी बोलावयास कोणास उभे केले आहे, हे वाचकांनी पाहावे. मारणाऱ्याच्या हेतूचा शोध घेणे सोपे, कारण हेतू एका मनात मावतो. मेलेल्याबरोबर जो विश्वास मेला तो अनेकांच्या मनांत विखुरलेला असतो, आणि म्हणूनच तो लिहिणे अवघड.

ते अवघड काम अंगावर घेणारी कादंबरी मराठीत व्हावी, अशी आमची इच्छा आहे. तिच्यात शास्त्र्यांस देवपण देण्याची गरज नाही. पुण्यात घालविलेले त्यांचे दिवस, वर्षानुवर्षांच्या बाकीचे कागद, ठरलेले व मोडलेले लग्न, दोन दरबारांमधली त्यांची ओढाताण, हमी देणाऱ्या इंग्रजांचा स्वार्थ, एवढे प्रामाणिकपणे मांडले तरी पुरे. 'झेप'ने एका आरोपीची कैफियत ऐकविली. आता मारल्या गेलेल्या वकिलाची ऐकावयाची राहिली आहे. ती ऐकल्यावाचून हा कज्जा निकाली निघाला असे मराठी वाचकाने समजू नये.