क्रियापदाची वाट बघणारं वाक्य

प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल आपण बोलतो ते बाजारभावासारखं. कुठली शिकली की नोकरी लागते, पॅकेज किती मिळतं, पुण्याला जावं लागेल की नागपुरातच भागेल, एवढंच. पण जी भाषा जगभर इतके लोक रोज लिहितात आणि एकमेकांची वाचतात, तिच्या वाक्यरचनेची समीक्षाही व्हायला हवी. कादंबरीकाराला आपण विचारतो, हे वाक्य असंच का? तोच प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प या भाषेला विचारू. समोर ठेवायचं वाक्य आहे ‘लिंक’ क्वेरीचं. लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी या लांबलचक नावाचं हे छोटं रूप. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये, सी शार्पच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर, ते सगळ्यांच्या हातात आलं.

उदाहरण बुटीबोरीचं घेऊ. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडवरची ही एमआयडीसी. कापडाचा धागा, टायर, असं बरंच काही इथे बनतं आणि बरेच कारखाने तीन शिफ्टमध्ये चालतात. समजा, अशाच एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये साहेब सांगतात, “मस्टरमधून नाईट शिफ्टवाल्यांची नावं काढा.”

जुन्या पद्धतीच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोडमध्ये हे काम कसं लिहायचे? एक रिकामी यादी करा. मस्टरमधला पहिला कामगार घ्या. त्याची शिफ्ट बघा. नाईट असेल तर नाव यादीत टाका. पुढचा घ्या. हा लूप म्हणजे क्लार्कचं बोट, ओळीओळीवरून सरकणारं. ‘लिंक’मध्ये बोट दिसत नाही. तिथे लिहायचं: फ्रॉम मस्टर, व्हेअर शिफ्ट नाईट, सिलेक्ट नाव. काय हवं ते सांगायचं, कसं काढायचं ते सांगायचं नाही. हा विचार फंक्शनल भाषांमधून आलेला. लिस्प १९५८ पासूनची, हॅस्केल १९९० ची. ‘लिंक’ घडवणाऱ्यांपैकी एरिक मायर हॅस्केलच्याच परंपरेतले. सी शार्पचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग यांनी हा पाहुणा ऑब्जेक्टच्या घरात आणला आणि त्याला वेगळी खोली दिली नाही, थेट स्वयंपाकघरात घेतलं. फंक्शन नाव न देता, जागच्या जागी, आता आणखी थोडक्यात लिहिता येऊ लागलं. त्याला लॅम्डा म्हणतात.

आता शब्दांचा क्रम बघा. डेटाबेसची एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास घडली, आणि तिचं वाक्य इंग्रजी वळणाचं आहे: निवडा नावं, मस्टरमधून, जिथे शिफ्ट नाईट. आधी आज्ञा, मग बाकीचं. ‘लिंक’ने हा क्रम उलटा केला. आधी कुठून, मग कोणते, शेवटी काय. साहेबांचं वाक्य परत वाचा: मस्टरमधून, नाईट शिफ्टवाल्यांची, नावं काढा. क्रम तोच! मराठी माणसाला हे वाक्य उलटं करून वाचावं लागत नाही.

यात कुणाचं मराठीप्रेम नव्हतं. कारण साधं होतं. तुम्ही टाइप करत असताना एडिटर पुढचे शब्द सुचवतो. पण ‘सिलेक्ट’ आधी लिहिलं तर कशातून निवडायचं हेच त्याला माहीत नसतं, मग सुचवणार काय? ‘फ्रॉम’ आधी आलं की त्याला कळतं, इथे कामगार आहेत, कामगाराला नाव असतं, शिफ्ट असते. म्हणजे यंत्रालाही आधी संदर्भ हवा, मग क्रिया. २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एसक्यूएलसाठी जी नवी ‘पाइप’ रचना मांडली, तीही ‘फ्रॉम’पासूनच सुरू होते. प्रोग्रामिंगचं वाक्य इंग्रजी वळणाचंच असणार, असं मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांच्या मनात बसलेलं असतं. ‘लिंक’ त्याचं उत्तर आहे. शब्द इंग्रजी आहेत, पण वाक्य इंग्रजीचं नाही. रचना म्हणून ‘लिंक’चा हा सगळ्यात चांगला निर्णय.

पण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं तेव्हा एक गोष्ट नक्की होते: काम सांगून झालेलं असतं. “काढा” म्हटलं की क्लार्क कामाला लागतो. ‘लिंक’मध्ये ‘सिलेक्ट’ म्हटल्यावर काहीच होत नाही. एकही नाव निघत नाही. तयार होते फक्त एक चिठ्ठी, ‘अशी नावं काढायची आहेत’ एवढी. ती चिठ्ठी उघडून खरोखर नावं मागितली जातात तेव्हा काम सुरू होतं. हे मागणं दहा ओळींनंतर असेल, कधी दुसऱ्याच फाइलमध्ये. याला लांबणीवर टाकलेली अंमलबजावणी म्हणतात. वाक्य पूर्ण दिसतं, पण खरं क्रियापद वाक्याबाहेर असतं.

याचा फायदा मोठा आहे. पहिली पाच नावं पुरत असतील तर हजारोंचं मस्टर चाळावं लागत नाही. चिठ्ठीला आणखी अटी जोडत जाता येतं. डेटाबेस असेल तर सगळ्या अटी मिळून एकच एसक्यूएल बनतं. पण चिठ्ठी जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा काम पहिल्यापासून होतं, आणि तोवर मस्टर बदललं असेल तर उत्तरही बदलतं. शिवाय कोणता शब्द चिठ्ठी लिहितो आणि कोणता काम करून घेतो, हे शब्दावरून कळत नाही. ‘व्हेअर’ थांबतो, ‘काउंट’ लगेच मोजतो. हे पाठच करावं लागतं.

आता तीन शिफ्टची गोष्ट. समजा, फॉरईच लूपमध्ये पहिली, दुसरी, तिसरी अशी प्रत्येक शिफ्ट घेऊन एकेक क्वेरी बनवली, तिन्ही बाजूला ठेवल्या आणि महिनाअखेरीला चालवल्या. २०१२ पूर्वीच्या सी शार्पमध्ये तिन्ही याद्यांत तिसऱ्याच शिफ्टची माणसं आली असती. कारण लॅम्डा शिफ्टची त्या क्षणाची किंमत लिहून घेत नाही, ती चल राशीलाच धरून ठेवते. क्वेरी चालेपर्यंत लूप शेवटच्या शिफ्टवर जाऊन थांबलेला असतो. नियमाप्रमाणे यात चूक नव्हती, फक्त वाचणाऱ्याला जे वाटेल ते घडत नव्हतं. अखेर पाचव्या आवृत्तीत, २०१२ साली, भाषेलाच नियम बदलावा लागला आणि फॉरईचच्या प्रत्येक फेरीला स्वतंत्र चल राशी मिळाली.

दुसरा पुरावा डेटाबेसकडचा. मायक्रोसॉफ्टच्याच एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये क्वेरीचा एखादा भाग एसक्यूएलमध्ये बदलता आला नाही, तर ते फार तर लॉगमध्ये इशारा देऊन ओळी इकडे ओढून आणायचं आणि चाळणी इथे लावायचं. कोड तोच, उत्तर तेच. टेबल छोटं असताना कुणाला कळायचंही नाही, मोठं झालं की सगळं रखडायचं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ३.० आवृत्तीने हा मुकाट कारभार बंद केला. शेवटचं ‘सिलेक्ट’ सोडलं तर अशी क्वेरी आता सरळ एरर देते.

दोन्ही दुरुस्त्यांचं म्हणणं एकच आहे. ‘कसं’ सांगू नका हे ठीक, पण ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. ‘लिंक’ची उणीव ती हीच. साहेबांची भाषा तिला उत्तम जमली, पण बोट सरकवणाऱ्याचे कष्ट तिने इतके झाकले की ते आहेत हेच विसरायला होतं. आणि किंमत कोड लिहिणारा एकटा मोजत नाही. यादी चुकली तर नाईट केलेल्या माणसाचा भत्ता कापला जाऊ शकतो, आणि त्याच्या हातात येते ती पगाराची स्लिप, क्वेरी नव्हे.

म्हणून लूपकडे परत जा असं मी म्हणणार नाही. हे वाक्य सुंदर आहे, आणि आपल्या कानाला जवळचं आहे. फक्त वाचताना एक सवय लावून घ्या: ‘सिलेक्ट’पाशी थांबू नका. पुढे जाऊन बघा, नावं प्रत्यक्ष कोण मागतंय, किती वेळा मागतंय, आणि तोवर मस्टरमध्ये काय बदललंय. लिहिताना उत्तर आत्ताच हवं असेल तर ‘टूलिस्ट’ तिथेच लिहून मोकळे व्हा. वाक्याचं क्रियापद वाक्यातच असलेलं बरं.