आपल्या शोककवितेत गेलेला माणूस कुठं आहे?

कुणाच्या मरणावर लिहिलेली कविता आपल्या अंकात आली की मी एक करतो. वरचं नाव बोटानं झाकतो आणि मग वाचतो. गेला तो कोण होता, बाई की बुवा, म्हातारा की पोरगा, काय खात होता, कुणावर डाफरत होता, काही म्हणजे काही कळत नाही. सूर्य कळतो. मशाल कळते. वादळ, निखारा, ज्वालामुखी, रक्ताचा थेंब न् थेंब, हे सगळं बरोबर कळतं. बोट काढून तिथं दुसरंच नाव घातलं तरी कवितेचं काही बिघडत नाही. असल्या कवितेला मी श्रद्धांजलीचा छापील फॉर्म म्हणतो. रिकाम्या जागा भरा आणि खाली सही करा.

हे मी पांढरपेशा समीक्षकाच्या खुर्चीत बसून बोलत नाही. त्यांना आपली कविता आक्रस्ताळी वाटते, ते त्यांचं दुखणं. माझं दुखणं उलटं आहे. मला वाटतं, मयताच्या बाबतीत आपली कविता पुरेसं रडतच नाही.

दोस्तांनो, आपल्या आधीच्या पिढीनं रडणं नाकारलं ते उगाच नाही, हे मलाही कळतं. शेकडो वर्षं आपलं रडणं वरच्यांच्या दयेचं खाद्य होतं. दारात उभं राहून रडायचं तेव्हा कुठं शिळा तुकडा मिळायचा. साहित्यातही तेच. आपण रडलो की ते हळहळायचे आणि पान उलटून झोपायचे. म्हणून १९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा तिनं आसवं पुसून मूठ वर केली. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल पेटलेली असताना मोर्च्यात भागवत जाधवचा जीव गेला. तेव्हा रस्त्यावर बसून सूर काढायची सोयच नव्हती. त्या वेळची कविता तापलेल्या तव्यासारखी होती ते बरोबरच होतं.

पण त्यांच्यापुढं रडायचं नाही, एवढंच ठरलं होतं ना? आपल्या माणसांत, आपल्या खोलीत, आपल्या कवितेतसुद्धा रडायचं नाही हे कधी ठरलं? कुणी ठरवलं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्ध घालणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यातलीच एक. आपण भटाला घराबाहेर काढलं, कावळ्याला काढलं, दहावं-तेरावं काढलं. चांगलं केलं. पण न रडण्याची प्रतिज्ञा त्या बावीसांत कुठं आहे? काही कार्यकर्ते मात्र आई-बहिणींच्या रडण्यालाही अंधश्रद्धेच्या खात्यात टाकतात.

माझा चुलतभाऊ गेला तेव्हाची गोष्ट. सव्वीस वर्षांचा. काविळीनं गेला. वस्तीत जलदानविधी झाला, त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं आणि मग भाषणं सुरू झाली. एकामागून एक सात वक्ते. त्यातले चार जण त्याला नीट ओळखतही नव्हते. एकानं सांगितलं की त्यानं चळवळीसाठी प्राण वेचले. काविळीनं वेचले बाबा! पोस्टर चिकटवायला तो यायचा, रात्र-रात्र यायचा, ते खरं. पण त्याचं मरण खाटेवरचं होतं. माझी चुलती भिंतीला टेकून सूर काढून रडत होती. एक कार्यकर्ता उठला, वाकून म्हणाला, "काकी, रडू नका. तुमचा मुलगा वीर होता." आणि काकी गप्प झाली. तो पोरगा वाईट नव्हता, त्याला वाटलं आपण धीर दिला. मला वाटलं तिचं तोंड बंद केलं.

गप्प व्हायच्या आधी ती काय म्हणत होती ते मी ऐकलं होतं. डाळीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचास, आता कुणाचं ताट सरकेल? पाळी सुटल्यावर गल्लीच्या तोंडाशी शीळ घालायचास, आता मी कशावरून चहा टाकू? बहिणीला घड्याळ कबूल केलं होतंस. असं एकेक. सात भाषणांत जो माणूस आला नाही तो या तीन वाक्यांत आला. आता सांगा, कवी कोण? शोककवितेचं आपलं मूळ घराणं हेच आहे. वर्षानुवर्षं आपल्या बायांनी मयतापुढं बसून, हेल काढून, गेलेल्याची एकेक सवय सांगितली. त्यात उपमा थोड्या, वस्तू फार. ताट, शीळ, घड्याळ. हे घराणं सोडून आपण भाषणाच्या घराण्यात गेलो, आणि भाषणाला माईक लागतो, माणूस नसला तरी चालतो.

कुणी म्हणेल, शोक बाजूला सारूनच लढावं लागतं, बाबासाहेबांनी तेच केलं. बघू या. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. बाबासाहेब आणि रमाईंनी गमावलेलं ते चौथं लेकरू. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्यांनी दत्तोबा पोवारांना पत्र लिहिलं. त्या पत्रात सावरल्याचा आव नाही. या धक्क्यातून आम्ही दोघं सावरलेलो नाही आणि पुढं सावरू असंही वाटत नाही, असं ते सरळ कळवतात. पोरगं कसं होतं तेही सांगतात. बॅरिस्टर माणूस, चळवळीचा पुढारी, आणि मित्राला असं लिहायला लाजत नाही. २० मार्च १९२७ ला तेच चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात. मध्ये आठ महिने. आपण हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो आणि म्हणतो, बघा, दुःख गिळलं आणि लढले. पत्र तर गिळलं म्हणत नाही. दुःख बरोबर घेऊनच ते महाडला गेले असं मी वाचतो.

रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. पाच वर्षांनी, १९४० मध्ये, पाकिस्तानच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक निघालं. सगळा राजकारणाचा, आकड्यांचा, नकाशांचा ग्रंथ. तो अर्पण केलाय रामूला. त्या अर्पणपत्रिकेत तिचा स्वभाव आहे आणि वाईट दिवसांत तिनं सोबत काय सोसलं ते आहे. सूर्यबिर्य काही नाही. आमच्या कवींनी ती अर्पणपत्रिका दहादा वाचावी.

दुसरी साक्ष किसा गोतमीची. ही गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. पण आपल्याकडं ती बायांना गप्प करायला वापरतात: मरण कुणाला चुकलंय, मग रडता कशाला? गोष्ट नीट वाचा. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध तिला आधी उपदेश करत नाहीत, रडू नको म्हणत नाहीत. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहऱ्या आण, म्हणतात. आणि ती दारोदार जाते. प्रत्येक दारात तिला कुणी ना कुणी गेल्याचं ऐकू येतं. इथं बाप, तिथं लेक, पलीकडं नवरा. उपदेश नंतर आला, आधी चालणं आणि ऐकणं आलं. आमच्या शोकसभेत ऐकणारं कुणी नसतं, सगळे बोलणारे.

ऐकून लिहिलेलं पुस्तक कसं असतं ते बघायचं तर उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) घ्या. त्यांची आई बांबूची आयदानं विणून घर चालवायची. आपलं लिहिणं आणि आईचं विणणं एकाच वेदनेच्या विणीचं आहे असं त्या सुरुवातीलाच सांगतात. पुढं त्यांचा स्वतःचा तरुण मुलगा जातो, ते प्रकरण येतं. चळवळीतली बाई, भाषणं करणारी, पण इथं ती कार्यकर्ती म्हणून उभी राहत नाही, आई म्हणून बसते. मरणाला मोठं करायला विशेषणं आणत नाही. आपल्यातल्या काहींनी म्हटलं की हे घरगुती झालं, व्यवस्थेवर प्रहार कुठंय? मला हा आक्षेप पोकळ वाटतो. दलित बाईला पोटच्या पोरासाठी रडायला सुद्धा व्यवस्थेची परवानगी काढायची का?

आणि आता जे लिहायला जड जातं ते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक जमले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी स्वतःचं जीवन संपवलं. आपण त्यांना शहीद म्हटलं, तो निषेध होता म्हटलं. असेल. पण मी त्यांच्यावरच्या ज्या कविता वाचल्या त्यांत नाव झाकण्याचा माझा प्रयोग पुन्हा लागू पडला. दुसऱ्यांच्या मयतावर गाणारा माणूस कोसळतो तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं, हे त्या कवितांनी विचारलं नाही. आनंद पटवर्धनांनी त्यांच्यापासून सुरू करून 'जय भीम कॉम्रेड' (२०११) केला. त्याला चौदा वर्षं लागली. आमच्या कविता चौदा दिवसांत तयार होत्या.

हे उकरून काढतो कारण आज आपल्यातली जी पोरं धावपळ करतात त्यांनी वीस-बावीस वर्षांच्या वयात दोन-चार प्रेतं खांद्यावर घेतलेली आहेत. संध्याकाळी मोर्चा, रात्री पत्रक, सकाळी पाळी. त्यांना झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. कवितेनं तरी विचारावं. आणि मरण सुंदर आहे, मरण म्हणजेच क्रांती, असं त्यांच्या कानात भरवणारी कविता मला धोक्याची वाटते. पोरं जगायला पाहिजेत.

आता ६ डिसेंबरच्या अंकासाठी कवितांचा ढीग येईल. मी सांगतो, यंदा थोडं थांबा. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता पेटली, तिथंच हजारोंनी दीक्षा घेतली. ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार थोडी उरलीत. तुमच्या वस्तीत, नात्यात कुणी असेल तर वही घेऊन जा. बातमी कुणी सांगितली, चूल पेटली होती का, गाडीला पैसे कुठून आणले, कडेवर कोण होतं, परत येताना कोण काय बोललं, हे विचारा. म्हातारी मध्येच सूर काढून रडायला लागली तर 'आजी, रडू नका' म्हणू नका, बसून राहा, ती काय म्हणते ते लिहून घ्या. त्याची कविता झाली तर झाली. नाही झाली तरी आहे तसं संपादकांकडं द्या. स्टेन्सिल कापायला रविवारी मी येतो.