प्रोटॉनचें अंतरंग व आमचें शास्त्रीय वाङ्मय

डिसेंबर २०२१ मध्यें नाशिक येथें भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर यांजकडे होतें. साहित्यानें शास्त्रज्ञास हा मान दिल्यावर शास्त्रीय लेखनहि टीकेच्या कसोटीस लावणें क्रमप्राप्त होय. त्या कसोटीस आज एकच वाक्य लावून पाहूं.

‘प्रोटॉन हा तीन क्वार्कांचा बनलेला असतो’, एवढ्यावर आमचे बहुतेक लेखक थांबतात. वाक्य सुबोध आहे खरें. परंतु तें ताजव्यांत घातलें कीं फसतें. तिन्ही क्वार्कांचें वस्तुमान मिळून प्रोटॉनच्या वस्तुमानाचा सुमारें शंभरावा हिस्साच भरतो. बाकीचें वस्तुमान मुख्यतः क्वार्कांची गति आणि त्यांस जखडणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्राची ऊर्जा यांतून येतें. वाड्याचे तीन खांब मोजून वाड्याचें वर्णन संपवावें, तसाच हा प्रकार झाला.

हें बल इतकें प्रबळ आहे कीं, पायरीपायरीनें सूक्ष्म दुरुस्त्या करीत जाण्याची नेहमींची गणिती रीत येथें लंगडी पडते. १९७४ सालीं केनेथ विल्सन यांनीं निराळा मार्ग दाखविला. अवकाश व काल मिळून एक चतुर्मित जाळी कल्पावी. क्वार्क तिच्या गांठींवर व ग्लुऑन-क्षेत्र गांठी जोडणाऱ्या दोऱ्यांवर ठेवावें. मग संगणकाकडून क्षेत्राच्या संभाव्य रचनांचे नमुने घेऊन सरासरी काढावी. शेवटीं जाळीचीं घरें अधिकाधिक बारीक करीत, जाळीच नसती तर उत्तर काय आलें असतें, तें ठरवावें. या रीतीनें २००८ सालीं एका युरोपीय गटानें काढलेलें प्रोटॉनचें वस्तुमान प्रयोगाशीं जुळलें.

हें काम आपल्यापासून दूर नाहीं. २०१७ सालीं जिनीव्हाजवळील एलएचसीबी प्रयोगांत ओमेगा-सी कणाच्या पांच नव्या अवस्था सांपडल्या. त्यांचीं वस्तुमानें प्रयोगानें दिलीं. स्पिन मात्र अनिश्चित राहिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील नीलमणी माथुर यांनीं एका सहकाऱ्यासह जाळीच्या गणितानें ते कोणते असावे, हें सांगितलें.

या रीतीचा विशेष असा कीं, तिच्या उत्तराबरोबर संभाव्य चुकीची मर्यादाहि लिहावी लागते: नमुने किती, घरें केवढीं, जाळी किती मोठी, याचा हिशेब द्यावा लागतो. आमच्या लेखनांत नेमका हाच भाग गळतो. वाचकास तो रुक्ष वाटेल, असा आक्षेप येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु सोन्याचा कस व घट विचारणारी गृहिणी हिशेबाला भीत नाहीं. हिशेब वगळलेलें शास्त्र वाचकाला केवळ श्रद्धेनें घ्यावें लागतें. मग पुराणांत व त्यांत भेद काय उरला?

म्हणून तें वाक्य असें लिहावें: प्रोटॉनची ओळख तीन क्वार्कांवरून पटते, त्याचें वजन मात्र बहुतांशीं त्यांच्या धडपडीचें व बंधनाचें आहे, आणि तें आपण चुकीची मर्यादा सांगून मोजूं शकतों. वाक्य थोडें लांबलें. पण तें ताजव्यांत उतरतें.