दुसऱ्या माइकवर

पुढच्या महिन्यात मला कामासाठी दोन आठवडे न्यू जर्सीला जायचंय. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, पण मधला शनिवार-रविवार माझा. तिथे राहणाऱ्या मावसभावाला हे कळल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर तीन ओळींची यादी पाठवली. शनिवारी संध्याकाळी घराजवळच्या हॉलमध्ये ‘रूट्स’ म्युझिक, म्हणजे ब्लूज, कंट्री, लोकगीतं असं सगळं एका छत्रीखाली. रविवारी सकाळी हार्लेमच्या एका चर्चमध्ये गॉस्पेल. सोमवारी रात्री न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये जॅझ. खाली लिहिलं होतं, ‘काय काय बुक करू ते लवकर सांग.’

त्याला तीन आठवडे झाले. अडचण पैशांची नाही. हे सगळं संगीत मी आजवर कानात इअरफोन घालून, हिंजवडीच्या बसमध्ये उभ्याने ऐकलंय. समोर बसून एकदाही नाही. तिथे जाऊन नक्की करायचं काय? टाळ्या कधी वाजवायच्या? चर्चमध्ये वाजवायच्या का? म्हणून उत्तर द्यायचं सोडून मी तीन जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग्ज पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. या वेळी वाजवणाऱ्यांकडे कमी आणि समोर बसलेल्या लोकांकडे जास्त लक्ष देऊन.

पहिलं, ड्यूक एलिंग्टनचं न्यूपोर्टचं. ७ जुलै १९५६, शनिवार. ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट गावातला जॅझ महोत्सव. एलिंग्टनच्या बँडची पाळी आली तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती आणि काही लोक घरी निघाले होते. एलिंग्टनचं नाव तेव्हा मोठं होतं, पण जुनं झालं होतं. त्याने १९३७ साली लिहिलेला एक दोन भागांचा तुकडा काढला, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. दोन भागांच्या मध्ये सॅक्सोफोनवाला पॉल गोन्साल्वेस एकटा वाजवणार. किती वेळ, ते ठरलेलं नव्हतं.

(गोन्साल्वेस हे नाव वाचून मला तो आपल्या गोव्याचाच वाटला होता. तो मॅसॅच्युसेट्सचा, केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या घरातला. पोर्तुगीजांनी आडनावं दोन्हीकडे वाटली, एवढाच संबंध. मात्र १९६३मध्ये एलिंग्टनच्या बँडबरोबर तो मुंबईत येऊन वाजवून गेला.)

तर गोन्साल्वेस सुरू होतो. ब्लूजची बारा बारची चौकट, आपल्या भाषेत एक आवर्तन म्हणा. पहिली काही आवर्तनं काहीच घडत नाही. तो चांगला वाजवतोय, एवढंच. मग मागून कुठूनतरी कुणीतरी ओरडतं. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागते. तिला बघायला लोक खुर्च्यांवर चढतात. मंचाच्या कडेला ड्रमर जो जोन्स, जो या बँडचा नव्हेच, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ताल मारत बसलाय. एलिंग्टन पियानोवरून गोन्साल्वेसला ओरडून चेतवतोय. आता गर्दी खाली येत नाही आणि त्यामुळे गोन्साल्वेसलाही थांबता येत नाही. अशी २७ आवर्तनं. सोलो म्हणून त्यात फार कल्पक असं काही नाही, हे कुठलाही जॅझचा जाणकार सांगेल. गोन्साल्वेसने याहून नाजूक, याहून हुशार किती तरी वाजवलंय. पण या सहा मिनिटांत तो एकटा वाजवत नाहीये. एक बाजू तो वाजवतोय, दुसरी बाजू ती माणसं. पुढच्या महिन्यात एलिंग्टन ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता.

आता यातली गंमत. गोन्साल्वेस चुकीच्या माइकसमोर उभा होता. मंचावर कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा माइक होता आणि शेजारी रेडिओसाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाचा. तो दुसऱ्या माइकमध्ये वाजवत राहिला. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर सॅक्सोफोन लांब, दबलेला आणि लोकांचा कल्लोळ जवळ. शिवाय त्या रात्री वाजवलेली दुसरी एक नवी रचना तितकी सफाईदार झाली नव्हती. म्हणून दोन दिवसांनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ती पुन्हा वाजवून घेतली आणि वर टाळ्या चिकटवल्या. एलपीवर नाव मात्र ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’. नव्वदच्या दशकात व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली. मग दोन्ही टेप एकमेकींशी जुळवून १९९९ साली सगळा कार्यक्रम जसा झाला तसा दोन सीडींवर आला.

मी दोन्ही लागोपाठ ऐकले. चिकटवलेल्या टाळ्या एकदा कळल्या की त्या परत खऱ्या वाटत नाहीत. आवाजात फरक आहे म्हणून नव्हे. त्या उत्तर देत नाहीत म्हणून. खरी गर्दी एखादा सूर लागला की अर्ध्या सेकंदाने हलते, कधी आधीच हलते, कधी चुकीच्या जागी खिदळते. चिकटवलेली गर्दी शहाण्यासारखी तुकडा संपायची वाट बघते. पण गोन्साल्वेसचा सोलो? तो मला जुन्या एलपीवरच जास्त आवडतो, हे कबूल करतो. नव्या मिश्रणात तो स्वच्छ ऐकू येतो, प्रत्येक श्वास. जुन्यात तो लोकांमध्ये बुडालाय आणि आपण मंचासमोर नाही, विसाव्या रांगेत खुर्चीवर उभे आहोत असं वाटतं.

इथे माझ्या पोटापाण्याबद्दल सांगायला हवं. मी व्हिडिओ कॉलमधला गोंगाट काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. पंखा, कुकरची शिट्टी, शेजारच्यांचं ड्रिलिंग, कुत्रं. आमच्या मॉडेलला माणसाचं बोलणं तेवढं ओळखता येतं, बाकी सगळं त्याच्या लेखी कचरा. एका रात्री उगाच गंमत म्हणून मी गोन्साल्वेसचा सोलो त्यातून काढला. अख्खा बँड गेला. ड्रम गेले, सॅक्सोफोन गेला, टाळ्यासुद्धा गेल्या. उरल्या त्या शांततेत तरंगणाऱ्या, अर्धवट तुटलेल्या माणसांच्या हाका. त्यातली एक बहुतेक एलिंग्टनची. मी हसलो, मग ती फाइल परत लावली. आता मूळ रेकॉर्डिंग ऐकतानाही मला आधी त्या हाकाच ऐकू येतात.

दुसरं रेकॉर्डिंग याच्या बरोबर उलट. २५ जून १९६१, रविवार, व्हिलेज व्हॅनगार्ड. म्हणजे मी सोमवारी जिथे जाईन म्हणतोय तेच तळघर. जिना उतरून जायचं, पाचरीच्या आकाराची खोली, शंभर-सव्वाशे माणसांची जागा. पियानोवर बिल एव्हन्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच कार्यक्रम त्या दिवशी टेप झाले. त्यांतून ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे दोन अल्बम निघाले. पियानो त्रयीबद्दल कुणीही काहीही लिहिलं तरी हे दोन अल्बम त्यात येतातच.

आणि लोक? लोक गप्पा मारतायत. ग्लास वाजतायत. कुणीतरी मोठ्याने हसतंय, तेही पियानोवर नव्हे. तुकडा संपला की मोजक्या, सभ्य टाळ्या पडतात. जॅझच्या इतिहासातली इतकी मोठी दुपार आणि समोरच्यांपैकी निम्म्यांचं लक्ष बहुधा आपल्या टेबलावर. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान.

पूर्वी मला त्या लोकांचा राग यायचा. आता तितका येत नाही. त्यांना काय माहीत? त्यांच्यासाठी तो एक रविवार होता. शिवाय ते तिघे वाजवतायत ते समोरच्यांना ओढून घेणारं नाहीच. ते एकमेकांचं ऐकतायत, आपण नुसते दाराशी उभे आहोत. गोन्साल्वेसला लोक हवे होते. एव्हन्सला लोकांनी त्रास दिला नाही म्हणजे पुरे. २००५ साली त्या दिवसाचं संपूर्ण रेकॉर्डिंग आलं. त्यात पहिल्याच तुकड्यात मध्येच वीज जाऊन टेपमध्ये खड्डा पडलाय. तो तसाच ठेवला आहे, मुजवलेला नाही. ज्याने हा निर्णय घेतला त्याला मी मनातल्या मनात चहा पाजलाय.

तिसरं रेकॉर्डिंग अरीथा फ्रँकलिनचं, आणि खरं तर सगळा घोळ त्यानेच केला. १३ आणि १४ जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. हे आधी सिनेमागृह होतं. अरीथा २९ वर्षांची आणि सोल संगीताची सम्राज्ञी. पण ती वाढली चर्चमध्ये. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे नावाजलेले धर्मोपदेशक. दोन रात्री ती परत गॉस्पेल गायला आली, रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायरबरोबर. त्यातून ‘अमेझिंग ग्रेस’ हा दुहेरी अल्बम निघाला, तिच्या कारकिर्दीतला सर्वाधिक खपलेला. दोन्ही रात्रींचं चित्रीकरणही झालं, सिडनी पोलॅक दिग्दर्शक. पण प्रत्येक शॉटआधी वाजवायची पट्टी, क्लॅपरबोर्ड, त्यांनी वापरलीच नाही. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे आणि दोघांना जोडणारी खूण नाही. त्यामुळे सुमारे वीस तासांची फिल्म कित्येक दशकं डब्यांत पडून राहिली. मी रोज ऑडिओ आणि व्हिडिओ मिलिसेकंदांनी जुळवणारा माणूस. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

डिजिटल तंत्राने ते पुढे जुळवलं. पण २०११ला अरीथा कोर्टात गेली. २०१५ला ठरलेलं प्रदर्शनही तिने कोर्टाकडून थांबवलं. ऑगस्ट २०१८मध्ये ती वारली. त्यानंतर तिच्या घरच्यांची संमती मिळाली आणि नोव्हेंबरात चित्रपट न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला.

मी तो पाहिलाय, तीनदा. अपराधी वाटतं, तरीही पाहिलाय. आवाजापेक्षा चेहरे मोठे आहेत त्यात. अरीथा गाण्यांच्या मधे जवळजवळ बोलतच नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ चालू असताना क्लीव्हलंड पियानो सोडून बाजूला जाऊन बसतात आणि तोंड झाकून रडतात. क्वायरमधली माणसं उभी राहतात, कारण बसणं जमत नाही. दुसऱ्या रात्री ती पियानोवर गात असताना वडील उठून येतात आणि रुमालाने तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. ती गाणं थांबवत नाही.

आणि त्याच रात्री कॅमेऱ्याला मागे उभा मिक जॅगर सापडतो. मग तो पुन्हा सापडतो. इथे मला चित्रपटाबद्दल तक्रार आहे. अल्बमला जॅगर माहीत नाही. अल्बमवर सगळे सारखे आहेत, एक हाक, एक टाळी. कॅमेरा मात्र पाहुणे ओळखतो. क्लीव्हलंड सुरुवातीलाच लोकांना सांगतात की हे रेकॉर्डिंग असलं तरी आपण उपासनेला जमलोय. ते वाक्य जॅगरसाठीही होतंच. माझ्यासाठीही असणार. अरीथाची ओळ संपण्याआधी मागून जी हाक येते, ती ‘वाहवा’ नाही. मी आधी तसं समजत होतो, मैफलीतली दाद. पण दाद देणारा गाण्याच्या बाहेर असतो. ही हाक देणारे तिच्याबरोबर तेच काम करतायत. माझी आजी भजनात टाळ धरते तेव्हा ती बुवांना दाद देत नसते.

हार्लेममधल्या चर्चमध्ये रविवारी पर्यटकांच्या रांगा लागतात, हे मावसभावानेच सांगितलं. काही ठिकाणी त्यांना वेगळं बसवतात, फोटो काढू नका म्हणून सांगतात. गाणी झाली की ते प्रवचनाच्या मधूनच उठून जातात. हे वाचताना मला आमच्या ऑफिसातला एक जण आठवला. वारीच्या दिवशी दिवे घाटात तो ड्रोन घेऊन गेला होता. रील छान झाली होती, मीही लाइक केली होती. त्यात टाळांचा आवाज काढून दुसरंच गाणं टाकलेलं होतं.

काल शेवटी मावसभावाला उत्तर पाठवलं. शनिवारचं राहू दे, दोघे घरी जेवू. सोमवारचं व्हॅनगार्डचं काढ, शक्य तितकं मागचं टेबल, मला लोकही बघायचेत. रविवारबद्दल आधी एक विचारून सांग म्हटलं, प्रवचन किती वेळ चालतं?

त्याचं उत्तर आलं, ‘तास तरी. का?’