संगणकप्रणालीची प्रतिष्ठापना : सोय आणि निवड

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी संगणकावर प्रणाली ‘टाकून घेतात’. ‘टाकून घेतली’ असे सांगणारा बहुधा स्वतः काही टाकीत नाही; ते काम दुकानातील कारागीर करतो. पारिभाषिक ‘प्रतिष्ठापना’ या नामात तर कर्त्याचा मागमूसही उरत नाही. प्रतिष्ठापनेच्या वेळी प्रणाली जे प्रश्न विचारते त्यांची उत्तरे कोण देतो, हे म्हणूनच तपासावयास हवे.

सोय ही दुसऱ्याने अगोदर करून ठेवलेली निवड असते. भाषाशास्त्रात अचिन्हित रूपास जे स्थान, तेच येथे पूर्वनिश्चित पर्यायास आहे. तो न सांगता गृहीत धरला जातो. चिन्ह करावे लागते ते इतरांस. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत हे अक्षरशः घडले. देवनागरीचा आधार त्या प्रणालीत होता. परंतु ‘जटिल लिपी’ अशा शीर्षकाखालील चौकटीत खूण करून मूळ तबकडी पुन्हा घातल्यावाचून तो बसत नसे. (जटिल कोणास? पहिलीतल्या मुलास ती तशी वाटत नाही.) खूण राहिली की मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरे फुटत. त्यापेक्षा रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर मराठी आकार बसविणारा एखादा टंक आणून वापरणे सोपे होते. ही चाल जुनीच, परंतु त्या न केलेल्या खुणेने तिचे आयुष्य वाढविले. असा मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग होतो. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि मराठीचा शब्दसंग्रह सिद्ध करू पाहणाऱ्यास तो आधी उलगडावा लागतो. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून हा आधार आपोआप बसू लागला.

येथे आक्षेप संभवतो की, मग सोयीनेच प्रश्न सुटला. तो अंशतः मान्य करावा लागेल. तबकडीचे विभाग कसे पाडावेत, हे सामान्य वापरणाऱ्यास विचारणे म्हणजे त्यास निवड देणे नव्हे. त्या प्रश्नाचा अर्थच त्यास ठाऊक नसतो. परंतु भाषेचा प्रश्न त्या जातीचा नाही. त्याचे उत्तर कारागिरापेक्षा ग्राहकास अधिक ठाऊक असते.

हिरावलेली निवड सहसा जाणवतही नाही. युरोपीय आयोगापुढे दिलेल्या वचनानुसार मायक्रोसॉफ्टने २०१० पासून न्याहाळक निवडण्याचा पडदा दाखविला. पुढे मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या अनेक ग्राहकांस तो दिसलाच नाही. त्याबद्दल २०१३ साली ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला.

निवडीचा अभिमान बाळगणारी डेबियन प्रणाली भाषेचा प्रश्न अगदी आरंभी विचारते, हे प्रशंसनीय आहे. तिच्या यादीत मराठी आहे. तथापि ती केवळ चित्रमय प्रतिष्ठापकात. अक्षरमय प्रतिष्ठापकाचा पडदा देवनागरीची जोडणी करू शकत नाही, आणि त्या वाटेने गेलेल्यास यादीत मराठी हे नावच आढळत नाही.