टर्मिनेटर आणि उलट नोंद

परवा आमच्या चिरंजीवांनी मला एका संगणकी खेळासमोर बसवलं. नाव ‘टर्मिनेटर टू-डी : नो फेट’. जेम्स कॅमेरॉनच्या १९९१ सालच्या ‘टर्मिनेटर २’वरून इंग्लंडच्या बिटमॅप ब्यूरोने तो २०२५ साली काढला. चित्रं मुद्दाम जुन्या धर्तीची, ठिपक्याठिपक्यांची. “बाबा, हे रेट्रो आहे!” म्हटलं, बाळा, रेट्रो मीही आहे; पण माझं कौतुक कुणी करत नाही.

खेळ फक्कड आहे. सारा कॉनर पळते, घसरते, गोळ्या झाडते. ट्रकच्या पाठलागात तर मी खुर्चीतच वाकडा झालो. तक्रार एकच. सिनेमा सव्वादोन तासांचा, हा तासाभरात आटोपतो. मुदत ठेव अर्ध्यातच मोडल्यासारखं वाटतं.

खरी गंमत पुढेच. काही ठिकाणी आपण वेगळा निर्णय घेतला, तर गोष्टीचा शेवट बदलतो. सिनेमात तो यंत्रमानव वितळलेल्या पोलादात उतरतो, तिथं शाळकरी मी चक्क रडलो होतो. शेवट बदलता येणार असेल, तर रडायचं कशाला? पण नशीब लिहिलेलं नसतं, हे तर सिनेमाच सांगतो! आमच्या खतावणीतही चूक खोडत नाहीत, उलट नोंद करतात. खेळाने तेवढीच सोय केली.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून बसलो. बारा वाजता हिने दिवा मालवला. तो शेवट मात्र कुणालाच बदलता आला नाही.